पगाराच्या दिवशीची बैठक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या रांगेत बसते आणि कार्यक्रम आटोपला की कपबशा मोजून घेते. मंडळाच्या भांड्यांचा हिशेब माझ्याकडे आहे, तेवढेच माझे पद. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे सगळ्यांत जास्त ठाऊक आहे, त्यावरच बोला." मला पापड-कुरडया ठाऊक आहेत, पण त्या तुम्हालाही ठाऊक आहेत. दुसरी एक गोष्ट मला चांगली ठाऊक आहे, आणि ती आजवर या चार भिंतींत मी कधी मोठ्याने बोलले नाही. ती म्हणजे कामाच्या ठिकाणाहून घरात येणारी दारू. आमच्या यजमानांना विचारूनच मी आज हे सांगणार आहे. ते म्हणाले, "सांग. पण माझे तेवढे सांगू नकोस, तुझेही सांग." म्हणून माझेही सांगणार आहे.

दारूवर भाषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गटाराकाठी पडलेला माणूस येतो. बायकोला मारणारा, भांडी विकणारा. तशी माणसे आहेत, त्यांच्या बायकांचे हालही आपण पाहतो. परंतु आज मी त्यांच्याविषयी बोलत नाही. मी बोलते आहे इस्त्रीचा सदरा घालून वेळेवर कामावर जाणाऱ्या, पगार घरी आणणाऱ्या, मुलांची फी भरणाऱ्या माणसाविषयी. महिन्यातून एकदा पगाराच्या दिवशी त्याला उशीर होतो. विचारले तर म्हणतो, "जरा बसलो होतो."

आपल्या भाषेत 'बसणे' हा किती साधा शब्द! आपण पूजेला बसतो, पंगतीला बसतो, मुले अभ्यासाला बसतात. पुरुष मंडळींनी त्याच शब्दाला निराळा अर्थ देऊन ठेवला आणि आपणही तो मुकाट्याने शिकलो. "आज बसायचे आहे" म्हटले की काय, ते शेंबड्या पोरालाही कळते. पण 'दारू' हा शब्द कोणी उच्चारीत नाही. ज्याचे नाव घेतले जात नाही, त्याला नको तरी कसे म्हणावयाचे?

आमचे मामंजी रेल्वेत इंजिनावर होते. पूर्वी आपल्या घाटात विलायती बनावटीची जुनी विजेची इंजिने असत. त्यांना सगळे 'खेकडा' म्हणत. त्या खेकड्यावर मामंजींनी काम केले. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या घरी कोणी ना कोणी रेल्वेत होते किंवा आहे, तेव्हा घाट मी सांगावा असे नाही. तरी मुलींना ठाऊक असावे म्हणून सांगते. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ असा की ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर चढावयाचे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात आणि ती ढकलीत इगतपुरीपर्यंत आणतात. लोकांना वाटते की चढणे अवघड. मामंजी म्हणत, "चढताना इंजिन दमते. उतरताना ड्रायव्हरचे डोके ठिकाणावर लागते." गाडी ताब्याबाहेर गेली तर वळवून घेण्यासाठी घाटात निराळे चढते फाटे ठेवलेले आहेत, यावरूनच काय ते समजावे.

रेल्वेच्या सामान्य नियमांत असे आहे की, गाडी चालविण्याशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध येतो त्याने कामावर येण्यापूर्वी आठ तास आणि काम चालू असेपर्यंत मद्याला शिवू नये. शिवाय १९८९ च्या रेल्वे कायद्यात, नशेत काम केल्याने प्रवाशांच्या जिवाला धोका होण्यासारखे असेल तर एक वर्षापर्यंत कैद आहे. हल्ली तर ड्रायव्हरला कामावर हजर होतानाच यंत्राच्या नळीत फुंकर मारावी लागते. मामंजींच्या उमेदीत ते यंत्र आमच्या घरच्यांनी पाहिले नव्हते. पण ते हिशेब घड्याळावर करीत. रात्री दोनची ड्युटी असेल तर संध्याकाळी सहानंतर लग्नघरी गेले तरी सरबतसुद्धा वास घेऊन पीत. सुट्टीच्या दिवशी ते कधी घेत नसत असे मी म्हणणार नाही. घेत. सासूबाई त्यावरून धुसफुसतही. परंतु त्या आठ तासांत त्यांना आग्रह करण्याची कोणाची छाती नव्हती, आणि 'नको' म्हटल्याबद्दल त्यांना कोणी हसले नाही. "ड्युटी आहे" एवढे दोन शब्द पुरत.

हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

माझ्या धाकट्या लेकीला वाचनाची आवड आहे. तिने मला सांगितले की विलायतेच्या आरमारात खलाशांना रोज सरकारी खर्चाने रम मिळत असे. शेकडो वर्षांची ती चाल ३१ जुलै १९७० या दिवशी बंद झाली. कारण असे की जहाजावरची यंत्रे नाजूक झाली, आणि डोके हलके असलेल्या माणसाच्या हाती ती देण्याची सोय राहिली नाही. म्हणजे जिथे यंत्राला धोका दिसतो तिथे दारू ताबडतोब थांबविता येते. घराला होणारा धोका मात्र कोणत्याही यंत्रावर दिसत नाही.

आता माझ्या घरचे. आमचे यजमान रेल्वेत लागले नाहीत. रस्त्याकडेच्या एका कारखान्यात लागले. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. लग्न झाले तेव्हा ते सुपारीच्या खांडालाही शिवत नसत. नोकरीत कायम झाल्याचे पत्र मिळाले त्या दिवशी मी दारात रांगोळी काढली, सासूबाईंनी घाटनदेवीला नारळ ठेवला. हे रात्री अकराला आले, आणि उंबऱ्यातच मला तो वास आला. म्हणाले, "कायम झाल्याबद्दल द्यावीच लागते. साहेब स्वतः आले होते. साहेबांनी पेला हातात दिल्यावर नाही कसे म्हणणार?"

खोटे कशाला सांगू, मला राग आला नाही. साहेब आपल्या नवऱ्याबरोबर बसले याचा मला अभिमान वाटला. पुढे एकाची बढती, दुसऱ्याचा बोनस, तिसऱ्याला मुलगा, चौथ्याची नवी मोटारसायकल, अशी निमित्ते येत गेली. पावसाळ्यात ढाब्यावर जाणे नको म्हणून मंडळी आमच्याकडे बसू लागली. आपला पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. घरात बसलेला नवरा डोळ्यांपुढे तरी असतो, असा मी विचार केला. कांद्याची भजी, मसाल्याचे शेंगदाणे, उकडलेली अंडी, सगळे मी करीत असे. "वहिनींच्या हाताला चव आहे" असे ते म्हणत आणि मी आणखी एक घाणा काढीत असे. बाटली मी आणली नाही, पण ताटली मीच पुढे केली. त्या वेळी मुलगा आठ वर्षांचा होता. तो आतबाहेर करून बर्फ नेऊन देई आणि त्याला शाबासकी मिळे. हे माझे सांगावयाचे होते ते सांगितले.

त्या मंडळींत एक जण होता. वयाने सर्वांत लहान, लाजाळू. मला ताई म्हणे. सुरुवातीला तो नुसते थंड पेय घेऊन बसे, तर बाकीचे त्याला "बाळाला दूध आणा" म्हणून चिडवीत. मीही हसले होते. पुढे तोही घेऊ लागला. एका पगाराच्या दिवशी मंडळी हमरस्त्यावरच्या ढाब्यावर बसली होती. परत येताना धुके होते. त्याची मोटारसायकल उभ्या मालमोटारीवर आदळली. मागे बायको आणि दीड वर्षाची मुलगी.

कारखान्यात दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून शोक पाळला. धुक्यामुळे अपघात झाला असे सर्वांनी सांगितले, आणि धुके होतेच, त्यात खोटे काही नव्हते. आम्ही चौघी-पाचजणी बायका त्याच्या बायकोजवळ बसून राहिलो. प्रत्येकीला ठाऊक होते की तो कोठून येत होता आणि कोणाबरोबर बसला होता. एकीनेही तोंड उघडले नाही, कारण बोलावे तर आपल्याच नवऱ्याचे नाव येणार. तेराव्याचे जेवण झाले आणि त्याच संध्याकाळी मंडळी त्याच्या आठवणीसाठी म्हणून पुन्हा बसली. त्या दिवशी मात्र मी भजी केली नाहीत. डोके दुखते म्हणून पडून राहिले. खरे कारण सांगण्याचे धैर्य मला त्याही दिवशी झाले नाही.

यजमानांची दारू सुटली ती माझ्या उपदेशाने नव्हे. त्यांना कावीळ झाली, नाशिकच्या डॉक्टरांनी यकृताचा अहवाल समोर ठेवला आणि त्यांचा धीर सुटला. त्यानंतर ते नाशिकला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जाऊ लागले. ही संस्था १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच एकमेकांना सावरण्यासाठी काढली, एक शेअरबाजारातला आणि दुसरा डॉक्टर. आपल्या देशात ती १९५७ पासून आहे. तिथे फी नाही, उपदेश नाही. एकाने आपले सांगावयाचे, बाकीच्यांनी ऐकावयाचे. पुण्यास डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' काढले, तिथे तर व्यसनी माणसांच्या बायकांचीही बैठक भरते. ज्या भगिनींना गरज असेल त्यांनी सभेनंतर माझ्याकडे यावे, पत्ते मी लिहून आणले आहेत. कपबशा मोजण्याच्या निमित्ताने या म्हणजे कोणी विचारणार नाही.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे. दारू सुटल्याला तीन वर्षे झाली. पहिल्या वर्षी मला वाटले, सुटलो. पण हे घरी आले की गप्प बसत. हळूहळू उलगडा झाला. कारखान्यात यांना कोणी वाईट वागविले नाही, फक्त बोलाविणे बंद केले. कोणाची बदली होणार, जादा काम कोणाला मिळणार, कोणत्या खात्यात माणसे कमी होणार, या सगळ्या गोष्टी त्या बैठकीत आधी कळतात आणि कचेरीच्या फळ्यावर मागाहून लागतात. यांना त्या फळ्यावरच कळू लागल्या. जेवणाच्या सुट्टीत हे आले की गप्पा थांबत. "आता ते साधुपुरुष झाले," असे एकाने म्हटले. एके रात्री हे मला म्हणाले, "दारू सोडणे जमले गं. माणसे सोडणे जमत नाही." वीस वर्षांच्या संसारात त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा दुसऱ्यांदा पाहिले. पहिल्यांदा त्या मुलाच्या तेराव्याला पाहिले होते.

तोवर मी समजत होते की दारू हा जिभेचा चट्टा आहे. भगिनींनो, अनेकांच्या बाबतीत तो आधी मानपान असतो, चट्टा मागाहून होतो. आपल्याकडे लग्नात एखादीला हळदीकुंकू लावावयाचे राहिले तर ती वर्षभर बोलत नाही. पुरुषांच्या बैठकीचेही तसेच आहे. पेला नाकारला की त्यांना वाटते, याने आम्हालाच नाकारले.

'एकच प्याला' नाटक आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि बालगंधर्वांच्या सिंधूने सबंध महाराष्ट्राला रडविले. आपण सिंधूसाठी रडतो, सुधाकरावर चिडतो. पण तो पहिला पेला कोठून आला हे पाहिले का? सुधाकर वकील. कोर्टात त्याचा अपमान झाला, त्याची सनद काही काळ रद्द झाली. आणि त्या दुःखात त्याच्या हाती पेला देणारा तळीराम कोण? त्याचाच कारकून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकातही दारू घरात शिरली ती कचेरीच्याच दाराने. मला हे यजमानांची गोष्ट घडल्यावर उमजले. लहानपणी रेडिओवर ऐकले तेव्हा नुसती गाणीच ऐकली होती.

हे केवळ कामगारांचे आहे असेही समजू नका. पावसाळ्यात आपल्या गावच्या रिसॉर्टांवर मुंबईच्या मोठमोठ्या कंपन्यांची माणसे दोन दिवसांसाठी येतात. सकाळी पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्याने आणि रात्री बैठक. आपल्या मंडळाच्या दोघी तिथे स्वयंपाकघरात कामाला आहेत. त्यांच्याकडून ऐकले की शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलीसुद्धा हातात पेला धरून उभ्या असतात आणि संधी मिळताच तो झाडाच्या कुंडीत ओततात. ऐकून आम्ही खूप हसलो. मग माझ्या मनात आले, एवढा मोठा पगार मिळविणाऱ्या मुलीलाही 'मला नको' हे तीन अक्षरी वाक्य म्हणता येत नाही, तर आमच्या यजमानांना कसे म्हणता आले असते? (अक्षरे तीनाहून जास्त आहेत हे मला बोलता बोलताच कळले, पण असो.)

आणि इथून नाशिककडे गेलो की द्राक्षांचे मळे लागतात. त्यातल्या पुष्कळ द्राक्षांची आता वाइन होते आणि चार घरे त्यावर जगतात. मी त्यांच्या पोटावर पाय द्या म्हणत नाही. पण लेकीने वाचून दाखविले की दक्षिण आफ्रिकेतल्या द्राक्षमळ्यांत मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपानेच देत असत. त्या पद्धतीला 'डॉप' म्हणत. कायद्याने ती बंद केली तरी मोडावयास पुष्कळ वर्षे लागली. आणि ज्या बायकांनी ती गरोदरपणी घेतली, त्यांच्या मुलांच्या वाढीत कायमचे व्यंग राहिले. तिकडचे मळेवाले मजुरीतून वाइन देत होते. आपल्याकडे ठेकेदार काम संपल्यावर वर खुशालीची बाटली देतो, आणि ती आपल्याला प्रेमाची वाटते.

कोणी म्हणेल, सरकारने बंदी करावी. बंदी आपण पाहिली आहे. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी झाली होती. पुढे १९४९ चा कायदा झाला आणि १९५० पासून सबंध मुंबई राज्यात बंदी आली. तो कायदा काही रद्द झालेला नाही. आजही आपल्या राज्यात दारू पिण्यास परवाना लागतो. किती जणांनी तो काढला आहे हे आपापल्या घरी विचारा. २००८ च्या सरकारी आदेशाने गावातील स्त्रियांना दुकानाविरुद्ध मतदान मागता येते, त्यालाच उभी बाटली-आडवी बाटली म्हणतात. पुष्कळ गावांतील बायकांनी असे मतदान घडवून दुकाने बंद केली, त्यांना माझा नमस्कार आहे. तथापि बढतीच्या मेजवानीवर मतदान कसे घेणार? तिथे पेटी नाही, चिठ्ठी नाही.

म्हणून मला मामंजींचे ते दोन शब्द आठवतात. "ड्युटी आहे" म्हटले की त्यांना कोणी आग्रह करीत नसे, कारण त्यांच्या नकाराला नियमाने प्रतिष्ठा दिली होती. आमच्या यजमानांच्या नकाराला अशी प्रतिष्ठा नव्हती. ती मिळवून देण्यात आपला काही हात असू शकेल का, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

आता शेवटचे. आमचा मुलगा, तोच बर्फ नेऊन देणारा, तेवीस वर्षांचा झाला. दोन महिन्यांपूर्वी त्यालाही एका कंपनीत नोकरी लागली. पहिला पगार झाला तसा म्हणाला, "आई, सगळे पार्टी मागताहेत. द्यावी लागेल." कायद्याने पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कडक दारूचा परवानासुद्धा मिळत नाही, हे मी त्याला सांगितले. तो हसला. त्याच्यावर ओरडावे असे फार मनात आले. तेवढ्यात यजमान आतून म्हणाले, "दे की पार्टी. घरी दे."

मग आम्ही नऊ जणांना जेवावयास बोलाविले. काळ्या मसाल्याचे मटण, बाजरीच्या भाकऱ्या, दोघे माळकरी होते त्यांना भरली वांगी. आठ मंडळी आली. एकाने हळूच विचारले, "काकू, याच्याबरोबर काही नाही का?" मी काही बोलण्याच्या आत यजमानांनी ताकाचा तांब्या पुढे केला आणि सर्वांसमोर सांगितले, "माझे यकृत बिघडले आहे, या घरात बाटली येत नाही. पण रस्सा पाहिजे तेवढा आहे." मला वाटले, मुलगा शरमेने मान खाली घालील. त्याने खाली घातली नाही. पोरे मग यकृत म्हणजे काय, कोठे असते, किती बिघडले की कळते, असे विचारू लागली. एकाने आपल्या वडिलांचे सांगितले. हे मात्र मला अनपेक्षित होते.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. जेवण होताच तिघे "काम आहे" म्हणून निघाले, आणि ते कोठे गेले हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. त्यांना रस्त्यापर्यंत सोडून येतो म्हणून मुलगाही गेला. मी पडवीत उभी राहिले. पाऊण तास लागला. रस्ता पाच मिनिटांचा आहे. तो आला, चप्पल काढली, "भाकरी उरली आहे का?" म्हणाला. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला नाही. घ्यावासा वाटला होता.

पुढच्या महिन्यात आपल्या मंडळातील एका भगिनीचे यजमान सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या खात्यातल्या मंडळींनी ढाबा ठरविण्याआधी त्या जेवणाचा मान मंडळाने मागून घ्यावा, अशी माझी सूचना आहे. साठ पाने होतील. पातेली पुरतील, पेले मात्र वीस कमी आहेत, ते भाड्याने आणावे लागतील. जेवण सामिष असावे की पुरणपोळीचे, ते अध्यक्षबाईंनी आजच सांगावे, म्हणजे मला यादी करावयास बरे.